पावशेराचा विसर : तुकोबांच्या स्वप्नाभंगांतील आत्मबोधाचा विचार

१

संतवाङ्मयाच्या अभ्यासात स्वप्नांचा उल्लेख वारंवार येत असला, तरी स्वप्न हा तेथे स्वतंत्र विचाराचा विषय क्वचितच झालेला आहे. तुकोबांनी स्वतःला पडलेली स्वप्ने ज्या अभंगांत सांगितली आहेत, त्यांच्या वाट्यास हेच आले. बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात येऊन मंत्रोपदेश केला हे एक स्वप्न. नामदेवांनी पांडुरंगासह येऊन कवित्व करण्याची आज्ञा दिली हे दुसरे. या दोन्हींचा आधार चरित्रकारांनी व वाङ्मयेतिहासकारांनी पुष्कळ घेतला आहे. तथापि तो घेताना स्वप्नाकडे स्वप्न म्हणून पाहण्याची गरज त्यांस फारशी भासलेली दिसत नाही.

आजवरच्या विवेचनात प्रामुख्याने दोन पद्धती आढळतात. पहिली ऐतिहासिक. राघवचैतन्य, केशवचैतन्य आणि बाबाजी ही नावे कोणाची, त्यांचा संप्रदाय कोणता, ओतूर येथील समाधीशी त्यांचा संबंध काय, माघ शुद्ध दशमी व गुरुवार यांचा योग कोणत्या शकात येतो, हे तिचे प्रश्न होत. हे प्रश्न योग्यच आहेत. परंतु तिथी आणि वार यांचा असा मेळ एकाहून अधिक शकांत बसत असल्याने केवळ गणिताने त्यांचा निकाल लागत नाही. दुसरी पद्धती मानसशास्त्रीय. ती दुष्काळ, दिवाळे, पत्नीचा मृत्यू या आघातांचा परिणाम म्हणून स्वप्नाचा उलगडा करू पाहते. पहिलीला स्वप्न हे कागदपत्रासारखे वाटते, दुसरीला ते रोगलक्षणासारखे दिसते. दोन्हींचे एका बाबतीत मात्र साम्य आहे. स्वप्न ज्याला पडले त्याने स्वतः त्याचा काय अर्थ लावला, हा प्रश्न दोन्ही पद्धती ओलांडून जातात.

वस्तुतः तुकोबांनी आपली स्वप्ने नुसती नोंदविलेली नाहीत. ती सांगताना त्यांनी त्यांचा अर्थ लावला आहे, काही ठिकाणी तो लावण्याचे नाकारले आहे, आणि अन्यत्र, आत्मचरित्रपर अभंगात, त्या स्वप्नाला आपल्या आयुष्याच्या क्रमात जागा दिली आहे. स्वतःच्या स्वप्नावरून स्वतःस ओळखण्याचा एक सबंध व्यापार येथे शब्दांत उतरलेला आहे. तो व्यापार कोणत्या प्रकारचा आहे, हे पाहावयाचे असेल तर अभंगांच्या भाषेपासूनच आरंभ करणे अवश्य आहे.

२

मराठीत स्वप्न 'पडते'. ज्याला ते पडते तो वाक्यात कर्ता म्हणून येत नाही, चतुर्थीत येतो : मला स्वप्न पडले. विसर, भूल, प्रश्न, मोह यांचीही रचना अशीच; झोप लागते, आठवण येते, भास होतो. जे आपल्या इच्छेवाचून आपल्या ठायी घडते, त्याच्यासाठी भाषेने ही ठेवण राखून ठेवलेली दिसते. संस्कृतात मात्र स्वप्न 'पाहिले' जाते, आणि प्राचीन ग्रीकातही तसेच. जर्मन भाषेत जुन्या वळणाची चतुर्थीची रचना आणि 'मी स्वप्न पाहतो' अशा अर्थाची कर्तरी रचना, दोन्ही आढळतात. स्वप्न हा शब्दही मुळात 'स्वप्' म्हणजे निजणे या धातूचा असून ग्रीक 'हिप्नोस' व लॅटिन 'सोम्नुस' हे निद्रावाचक शब्द त्याचेच सगोत्र होत. आधुनिक मराठीत 'स्वप्न पाहणे' हा प्रयोग महत्त्वाकांक्षेच्या अर्थाने रुळला आहे. त्यात माणूस कर्ता होतो, परंतु तेव्हा तो निजलेला नसतो.

यावरून मराठी माणूस स्वप्नास बाहेरून आलेली वस्तू समजतो, असा निष्कर्ष काढणे साहसाचे होईल. वाक्यरचनेवरून लोकांचे तत्त्वज्ञान ठरविता येत नाही. उलट 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' ही म्हण याच भाषेतली आहे, आणि ती स्वप्नाचे मूळ निःसंदिग्धपणे मनात ठेवते. एवढेच म्हणता येईल की, स्वप्नाविषयी बोलू लागलेल्या मराठी वक्त्यापुढे दोन रचना सिद्ध असतात : एक, ज्यात तो भोक्ता आहे, दुसरी, ज्यात तो कर्ता आहे. कोणत्या ठिकाणी तो कोणती रचना वापरतो, हे पाहणे हा अर्थविचाराचा भाग ठरतो.

आणखी एक भेद येथे ध्यानात ठेवला पाहिजे. पडलेले स्वप्न, सांगितलेले स्वप्न आणि उलगडलेले स्वप्न ही तीन निरनिराळी होत. पहिले कोणासही उपलब्ध नाही. जाग आल्यावर स्वतः स्वप्नद्रष्ट्यासही ते पूर्णपणे उपलब्ध नसते. अभ्यासकापुढे असते ते दुसरे, म्हणजे भाषेत आलेले स्वप्न. फ्रॉइडच्या शोधात भाषेचे कार्य काय, याचा विचार करताना एमील बेंव्हनिस्त यांनी १९५६ साली हा मुद्दा स्पष्ट केला होता. मनोविश्लेषकासमोर घटना येत नाहीत, घटनांविषयीचे बोलणे येते. आणि त्या बोलण्यातून बोलणारा स्वतःस घडवीत असतो. अभंगाच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच खरी आहे, कारण तेथे बोलणे छंदात बांधलेले आणि श्रोत्यांसमोर उच्चारलेले असते.

स्वप्नार्थाची भारतीय परंपरा मोठी आहे. अथर्ववेदाच्या परिशिष्टात स्वप्नाध्याय आहे. जगद्देवाच्या स्वप्नचिंतामणीत शुभाशुभ स्वप्नांची वर्गवारी आहे. या ग्रंथांत वस्तू आणि फळ यांची जोडी ठरलेली असते. अमुक दिसले तर अमुक घडेल, असे त्यांचे सांगणे असते. ते भविष्याकडे तोंड करून असते आणि स्वप्नद्रष्टा कोण, यास त्यात दुय्यम स्थान असते. बृहदारण्यकोपनिषदाची दृष्टी याहून वेगळी आहे. तेथे निजलेला पुरुष रथ, घोडे, वाटा हे सारे स्वतःच निर्माण करतो; तो त्याचा कर्ता आहे. तुकोबांचे स्वप्नाभंग या दोन टोकांच्या मध्ये उभे आहेत. स्वप्नातील वस्तूंचे फळ ते सांगत नाहीत, आणि स्वप्न मी निर्माण केले असेही म्हणत नाहीत.

३

गुरूपदेशाच्या अभंगातील वृत्तांत थोडक्यात असा आहे. गुरूने कृपा केली, परंतु आपल्या हातून सेवा काही झाली नाही. गंगास्नानास जाण्याच्या वाटेवर भेट झाली, गुरूने मस्तकावर हात ठेवला. भोजनासाठी त्यांनी पावशेर तूप मागितले, आणि त्याचा स्वप्नात विसर पडला. मग काही अंतराय उपजला असावा आणि त्यामुळेच गुरूंना त्वरा झाली असावी काय, अशी शंका येते. पुढे परंपरेची खूण म्हणून दोन नावे, गुरूचे स्वतःचे नाव, मंत्र, आणि शेवटी तिथी व वार.

प्रारंभीच्या शब्दाविषयी पाठभेद आहे. मुद्रित गाथेत तेथे 'सत्य' हा शब्द आढळतो. म्हणण्याच्या परंपरेत 'सद्गुरू' असाही पाठ ऐकू येतो. दुसरा पाठ सोपा आहे, आणि म्हणूनच तो मागाहून आला असण्याचा संभव अधिक. 'सत्य' हे गुरूचे विशेषण घेता येते, तसेच 'खरोखर' या अर्थाचे क्रियाविशेषणही घेता येते. जगाचे मिथ्यात्व दाखविण्यासाठी वेदान्ती परंपरेत स्वप्नाचा दृष्टान्त हमखास दिला जातो. त्याच परंपरेत वाढलेला कवी स्वप्नाची हकीकत सांगताना पहिलाच शब्द 'सत्य' असा उच्चारतो, हे लक्षणीय आहे. स्वप्न मिथ्या की खरे या वादात तो पडत नाही. त्यात झालेली कृपा खरी, एवढे तो आरंभीच सांगून टाकतो.

यापुढे क्रियापदांकडे पाहावे. गुरूची सर्व क्रियापदे सकर्मक आहेत : कृपा करणे, हात ठेवणे, मागणे, सांगणे, देणे. वाटेवरच्या भेटीसाठी तर 'सापडविणे' हे प्रयोजक रूप योजलेले आहे. शिष्याने गुरू शोधला असे नव्हे, तर गुरूने त्याला सापडून घेतले. याउलट कवीच्या बाजूची क्रियापदे पाहिली, तर सेवा 'घडत' नाही, विसर 'पडतो', अंतराय 'उपजतो'. मी केले, मी दिले, मी विसरलो, असे एकही क्रियापद स्वप्नाच्या या भागात कवीकडे नाही.

यावर आक्षेप येऊ शकतो की, ही मराठीची स्वाभाविक ठेवण आहे, कवीची निवड नव्हे; शिवाय छंदाचे बंधनही आहे. आक्षेपात तथ्य आहे, परंतु तो संपूर्ण पटणारा नाही. 'विसरणे' हे क्रियापद तुकोबांना अपरिचित नव्हते, आणि सेवा 'केली नाही' असे म्हणण्यासही भाषेची हरकत नव्हती. दोषाची जाणीव आहे, परंतु दोषाचा कर्ता वाक्यात नाही, अशी ही स्थिती आहे. स्वप्नात माणसाची अवस्था नेमकी अशीच असते. जे चुकले ते आपलेच, हे त्याला कळते. परंतु ते आपण कधी आणि कसे केले, हे त्याला सांगता येत नाही. अभंगाच्या व्याकरणाने ती अवस्था जशीच्या तशी राखली आहे.

विसर 'स्वप्नामध्ये' पडला, या वचनाचेही दोन अर्थ संभवतात. तूप देण्याचे स्वप्नात राहून गेले, हा रूढ अर्थ. मागणी झाल्यानंतर पुढे काय झाले, त्या भागाचाच विसर पडला, हा दुसरा. पहिल्या अर्थी उणीव सेवेत आहे, दुसऱ्या अर्थी ती आठवणीत आहे. कवीने निवाडा केलेला नाही, आणि पुढच्याच चरणात 'काय कळे' अशी शंका घेऊन तो थांबतो. हे स्थळ या अभंगाचे मर्म होय. आपल्या विसरामुळे गुरू घाईने निघून गेले असावेत, हा अर्थ त्याला सुचला आहे. परंतु तो त्याने निश्चित म्हणून सांगितलेला नाही. अर्थ सुचणे आणि अर्थ ठरविणे यांत त्याने अंतर ठेवले आहे.

एखाद्या चरित्रलेखकाला हा तुपाचा तपशील गैरसोयीचा वाटला असता. उपदेशाच्या मंगल प्रसंगी शिष्याची ही उणीव, आणि तीही अशी घरगुती, कशासाठी ठेवावी? अधिकार सिद्ध करणे एवढाच हेतू असता, तर नावे, मंत्र आणि तिथी पुरेशी होती. परंतु कवीने ती उणीव ठेवली, तिला माप दिले, आणि सर्व अभंगाच्या आरंभी 'सेवा घडली नाही' या शब्दांत तिची कबुलीही दिली. स्वप्न स्वतःच्या बाजूने सजविण्याचा मोह येथे टाळलेला आहे.

४

याच ठिकाणी मानसशास्त्रीय वाचनाला सर्वांत मोठा मोह होतो. आत्मचरित्रपर अभंगात तुकोबा सांगतात की, दुष्काळात द्रव्य आटले, मान गेला, आणि एक स्त्री अन्नासाठी टाहो फोडीत मेली. हा दुष्काळ १६३० च्या आसपासचा. कोणी अन्न मागावे आणि ते त्यास मिळू नये, हा आकृतिबंध जीवनात एकदा आणि स्वप्नात एकदा, असा दोन वेळा दिसतो. पत्नीला देता न आलेले अन्न हेच स्वप्नातील न दिलेले तूप, असे समीकरण मांडण्यास मग वेळ लागत नाही.

हे समीकरण आकर्षक आहे. त्याची किंमत मात्र नीट ओळखली पाहिजे. स्वप्नाचा अर्थ ठरलेल्या कोशावरून लावता येत नाही, स्वप्नद्रष्ट्याला त्या त्या तपशिलावरून काय काय आठवते, यावरूनच तो शोधावा लागतो, हा सिग्मुंड फ्रॉइड यांच्या पद्धतीचा पाया आहे. तुकोबांना पावशेर तुपावरून काय आठवले, हे विचारण्याची सोय नाही. ज्या पद्धतीचे नाव घेऊन हे समीकरण मांडले जाते, त्याच पद्धतीच्या प्रथम अटीचा त्यात भंग होतो. दुष्काळ आणि स्वप्न यांचे शेजारी येणे हे वाचकाच्या मनातील संगती म्हणून मांडण्यास हरकत नाही; परंतु ते कवीच्या मनातील कारण म्हणून सांगता येणार नाही.

त्याऐवजी गाथेतच जे उपलब्ध आहे त्याकडे वळणे अधिक फलदायी आहे. 'पावशेर' हा दुकानदाराचा शब्द आहे. भक्तीला माप नसते; तुपाला असते. वाण्याचा व्यवसाय केलेल्या घरातील माणसाच्या स्वप्नात गुरूची मागणी मापाने येते, आणि जे दिले गेले नाही तेही मापानेच ध्यानात राहते. एका लहानशा, मोजता येणाऱ्या वस्तूने येथे सबंध न घडलेल्या सेवेची जागा घेतली आहे. रोमान याकोब्सन यांनी १९५६ साली भाषेचे दोन अक्ष सांगताना स्वप्नातील संक्षेप व स्थानांतर ही दोन कार्ये लक्षणेच्या, म्हणजे सान्निध्याच्या, अक्षावर ठेवली होती. पावशेर तूप हे या प्रकारचे उत्तम उदाहरण ठरेल. ते कशाचे रूपक नाही, ज्या सेवेचा ते अंश होते तिची ते आठवण करून देते.

५

दुसऱ्या स्वप्नाचा अभंग या दृष्टीने वाचला म्हणजे पहिल्याशी असलेले त्याचे नाते उघड होते. नामदेव पांडुरंगाला घेऊन येतात आणि स्वप्नातच तुकोबांना जागे करतात. कवित्व करावे, वाउगे बोलू नये, अशी आज्ञा होते. विठ्ठल मापाच्या कामी साह्य करतो, थोपटून सावध करतो. संख्येचे प्रमाण शतकोटीचे सांगितले जाते, आणि नामदेवांच्या हातून त्यातले जे उरले ते तुकोबांकडे लावून दिले जाते.

येथेही माप आहे, मोजदाद आहे, बाकी आहे. पहिल्या स्वप्नात पावशेराचे देणे राहिले. दुसऱ्यात शतकोटीची बाकी अंगावर आली. या दोन स्वप्नांत आधीचे कोणते, हे केवळ अभंगांवरून ठरविणे कठीण आहे, आणि त्यांच्यात कार्यकारणभाव कल्पिण्याचे कारण नाही. परंतु एकाच मनुष्याच्या दोन स्वप्नांची भाषा एकाच व्यवहारातून आलेली आहे, एवढे निश्चित. वहीखात्याचा व्यवसाय सोडलेल्या माणसाला स्वतःचा धर्म आणि स्वतःचे कवित्व ही दोन्ही देण्याच्या परिभाषेतच उमगतात.

नामदेव कोण, हेही लक्षात घेतले पाहिजे. ते १३५० साली समाधिस्थ झाले, असे परंपरा मानते. म्हणजे तुकोबांच्या काळापर्यंत सुमारे पावणेतीनशे वर्षे लोटली होती. ते जातीने शिंपी. मंत्र चैतन्य परंपरेच्या गुरूकडून मिळतो, कवित्वाची आज्ञा मात्र त्या गुरूकडून येत नाही. ती विठ्ठलाच्या साक्षीने एका शिंप्याकडून कुणबी वाण्याकडे येते. आत्मचरित्रपर अभंगाचा प्रारंभ तुकोबा आपल्या शूद्र जातीच्या उल्लेखाने करतात, हे ध्यानी घेता या हस्तांतराचे महत्त्व कळून येईल. जेथे अधिकाराचा प्रश्न जन्माने मिटलेला होता, तेथे या स्वप्नाने तो निराळ्या वंशावळीने सोडविला.

येथे साहजिकच शंका येते की, हे स्वप्न अधिकारासाठी रचलेले निमित्त तर नव्हे? शंका अवाजवी नाही. परंतु निमित्तासाठी रचलेल्या स्वप्नात माणूस स्वतःस थोर ठरवितो. या अभंगात तुकोबांच्या वाट्यास आले ते दुसऱ्याने अपुरे ठेवलेले काम. शतकोटीची संख्या कोणाच्याही हातून पुरी होणारी नाही. म्हणजे ज्या आज्ञेने कवित्वाचा अधिकार मिळाला, तिनेच ते कधीही पुरे न होण्याची तरतूदही केली. याच प्रसंगाशी निगडित असलेल्या अभंगात तुकोबा संतांच्या पंगतीत, पायांपाशी जागा मागतात, आणि नामदेवांच्या स्वप्नभेटीचा प्रसाद पोटात राहिल्याचे सांगतात. एका स्वप्नात भोजनाचे मागणे आपल्याकडून पुरे झाले नाही. दुसऱ्यात मिळालेला प्रसाद पोटात राहिला. देणे अपुरे आणि घेणे पुरे, असा हा हिशेब आहे, आणि तो कवीने आपल्या विरुद्ध मांडलेला आहे.

६

या हिशेबाचे वैशिष्ट्य कळण्यासाठी आधुनिक काळातील एका विख्यात स्वप्नाशी तुलना उपयोगी पडेल. फ्रॉइड यांचा स्वप्नमीमांसेवरील ग्रंथ नोव्हेंबर १८९९ मध्ये निघाला, त्यावर साल १९०० असे छापले गेले. त्यात नमुन्यादाखल विस्ताराने उलगडलेले पहिले स्वप्न त्यांचे स्वतःचे असून ते २३ व २४ जुलै १८९५ च्या दरम्यानच्या रात्री पडले होते. 'इर्मा' या नावाने उल्लेखिलेली त्यांची रुग्ण त्यात येते, तिचा आजार हटलेला नाही, तपासणी होते, आणि शेवटी दोष एका सहकारी वैद्याने दिलेल्या इंजेक्शनवर, त्याच्या अस्वच्छ पिचकारीवर जातो. रुग्णेच्या दुखण्याची जबाबदारी आपली नाही, ही इच्छा स्वप्नाने पुरी केली, असा निष्कर्ष फ्रॉइड काढतात. स्वप्नातील सबबी परस्परांना छेद देतात, हेही ते लपवीत नाहीत. उसने आणलेले भांडे फुटके परत केल्याचा आरोप आलेल्या माणसाची गोष्ट ते तेथे सांगतात : भांडे शाबूत परत केले, ते आधीच फुटके होते, आणि ते नेलेच नव्हते, असे तीन बचाव तो एकदम करतो.

निर्दोष ठरण्याची आपली इच्छा जाहीर करणे हे धैर्याचे काम होते, यात शंका नाही. परंतु आपण सर्व काही सांगितलेले नाही, अशी कबुली त्यांनीच दिली आहे. ते न सांगितलेले काय असावे, याचा काही उलगडा पुढे झाला. माक्स शूर यांनी १९६६ साली, आणि १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या फ्लीसबरोबरच्या संपूर्ण पत्रव्यवहाराने, त्याच वर्षी एमा एकस्टाइन या रुग्णेवर फ्लीसने केलेल्या शस्त्रक्रियेची हकीकत पुढे आली. जखमेत राहिलेल्या पट्टीमुळे तिच्या जिवावर बेतले होते. हा प्रसंग आणि 'इर्मा'चे स्वप्न यांचा संबंध नेमका किती, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु मित्राची चूक त्या स्वप्नाच्या जाहीर हिशेबात आली नाही, हे उघड आहे.

दोन्ही स्वप्नांत प्रश्न एकच आहे : माझ्याकडे काय लागते? फ्रॉइड यांच्या स्वप्नाचे उत्तर आहे, काही लागत नाही. आणि ते उत्तर इच्छाजन्य आहे हे ओळखण्यात त्यांच्या मीमांसेचे सामर्थ्य आहे. तुकोबांच्या स्वप्नाचे उत्तर आहे, पावशेर लागते. आणि ते तसेच ठेवण्यात त्यांच्या अभंगाचे सामर्थ्य आहे. फ्रॉइड यांनीही प्रत्येक स्वप्नात असे एक स्थळ मानले आहे, जेथून पुढे अर्थाचा तळ लागत नाही. त्याला त्यांनी नाभीची उपमा दिली. स्वप्न सांगताना येणारी शंका आणि विसर हेही स्वप्नाचेच भाग समजावेत, असा त्यांचा आग्रह होता. तुकोबांच्या अभंगातील 'काय कळे' आणि 'विसर' ही दोन्ही याच जागी उभी आहेत. अर्थात येथे पूर्वसूरी कोण, असा वाद नाही. स्वतःच्या स्वप्नाकडे प्रामाणिकपणे पाहणारा मनुष्य, त्याची परिभाषा कोणतीही असो, एका जागी येऊन थांबतो, एवढेच यावरून दिसते.

७

आता अखेरच्या क्रियापदांकडे वळावयाचे. गुरूपदेशाच्या अभंगाचा शेवट 'अंगीकार करणे' या क्रियेने होतो. वाक्यात कर्ता उघड नाही. शुभ दिवस पाहून गुरूने शिष्याचा अंगीकार केला, हा संदर्भाला धरून असलेला अर्थ; परंतु मराठीच्या भूतकाळी कर्मणि प्रयोगात कर्ता अध्याहृत राहू शकत असल्याने, शिष्याने उपदेशाचा अंगीकार केला, असाही अर्थ ऐकणाऱ्याच्या कानी येतोच. आत्मचरित्रपर अभंगात मात्र संदिग्धता उरत नाही. तेथे स्वप्नातील उपदेशासाठी तुकोबा 'मानणे' हे क्रियापद योजतात, आणि लगेच नामावर दृढ विश्वास 'धरल्याचे' सांगतात. येथे कर्ता ते स्वतः आहेत. स्वप्न पडले, विसर पडला. परंतु मानणे पडत नाही, ते करावे लागते. भोक्त्याच्या रचनेकडून कर्त्याच्या रचनेकडे झालेली ही वाटचाल म्हणजेच या स्वप्नाचा अर्थ लागणे होय.

त्या अभंगाचे प्रयोजनही विसरता येत नाही. हे सांगू नये, परंतु संतांनी विचारले म्हणून सांगतो, असे तुकोबा तेथे म्हणतात. आत्मबोध हा एकांतात पुरा होत नाही. कोणीतरी विचारावे लागते, आणि त्याला समजेल अशा शब्दांत उत्तर द्यावे लागते. मानण्याची किंमतही त्याच अभंगात नोंदलेली आहे. कवित्वाची स्फूर्ती झाल्यावर निषेधाचा आघात झाला आणि वह्या पाण्यात बुडविल्या गेल्या. निषेध करणाऱ्याचे नाव तेथे नाही. ते पुढच्या चरित्रपरंपरेतून आलेले आहे.

ही किंमत बहिणाबाईंच्या आत्मनिवेदनात अधिक स्पष्ट दिसते. कोल्हापुरात असताना तुकोबांचे अभंग ऐकून त्यांचा ध्यास लागलेल्या बहिणाबाईंना, तुकोबांना प्रत्यक्ष पाहण्यापूर्वीच, त्यांचा उपदेश स्वप्नात झाला. तुकोबा त्या वेळी देहूस हयात होते. ब्राह्मण स्त्रीने शूद्राचा उपदेश स्वीकारावा, हे त्यांच्या पतीस असह्य झाले, आणि त्याचा छळही त्यांनी सोसला व लिहून ठेवला. आपल्या गुरुपरंपरेत त्या आदिनाथापासून ज्ञानदेव, राघवचैतन्य, केशवचैतन्य, बाबाजी आणि तुकोबा असा क्रम देतात. या मालिकेतील शेवटचे दोन दुवे स्वप्नांनी जोडलेले आहेत, आणि दोन्ही दुवे ज्यांनी 'मानले' त्यांच्या आयुष्याने तोलले गेले आहेत.

यावरून समीक्षेच्या दृष्टीने एक कसोटी निघते. वैयक्तिक स्वप्नाचा उलगडा आत्मज्ञानाला पोचला की नाही, हे त्या उलगड्याच्या चातुर्यावरून ठरत नाही. कारण चातुर्य निर्दोष ठरण्याच्या कामीही येते. तो उलगडा स्वतःच्या विरुद्ध जाणारा तपशील राखतो काय, न कळलेले न कळलेले म्हणून सोडतो काय, आणि ज्याचा स्वीकार केला त्याचे उत्तरदायित्व स्वतःकडे घेतो काय, हे पाहिले पाहिजे. तुकोबांचे स्वप्नाभंग या तिन्ही बाबतींत उतरतात. गुरुपरंपरेचा शोध आणि शकाचा निर्णय होत राहील व तो व्हावा. परंतु त्या शोधात नावे आणि तिथी यांच्या जोडीला पावशेर तुपाचीही नोंद असावी. गाथेत ती कवीने स्वतः करून ठेवली आहे.